पाताळकोटची पायवाट



नागपूरहून निघालं, की सावनेर, सौसर, छिंदवाडा…
मग तामिया.

तामियाच्या पुढं जमीन एकदम खाली जाते.
हाच पाताळकोट.
घोड्याच्या नालेसारखी खोल दरी.
तळाशी दुधी नदी, आणि भारिया-गोंड आदिवासींची गावं.

काही गावांपर्यंत आता रस्ता झालाय.
पण दरी कळते, ती पायवाटेनंच.
बुटाखाली वाळला पाला कुरकुरतो.
मोहाच्या दिवसांत वास आधी येतो, झाड मागून दिसतं.

उतरताना मजा वाटते बरं का!
चढताना मात्र घाम फुटतो.
म्हणून पाणी भरपूर घ्या.
गावातला वाटाड्या घ्या.

दरीत ऊन लवकर सरतं.
तेव्हा पुन्हा सांगतो…
पाणी घ्या, वाटाड्या घ्या,
आणि दुपार कलायच्या आत चढायला लागा.