दुपारची सावली

एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकला, की आपण पंख्याचा वेग वाढवतो आणि ज्याला परवडते तो एसी लावतो. एसी घरातली उष्णता उचलतो आणि गल्लीत टाकतो. झाडाची रीत निराळी. मुळांनी ओढलेले पाणी ते पानांवाटे वाफ करून सोडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेते. माठातले पाणी गार होते, तेही असेच. मुळाशी ओल असलेल्या मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर पाणी सोडले, तर सुमारे ६८ युनिट उष्णता शोषली जाते. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालून खोलीतून साधारण तेवढीच उष्णता बाहेर काढतो. सावलीचा लाभ वेगळाच.

म्हणून बाग केली की अख्खी वस्ती गार झाली, असे मात्र नाही. या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसा उद्यानातली हवा सरासरी एका अंशाच्या आसपासच थंड आढळली. शिवाय हा गारवा फार लांब जात नाही. लहान बागेचा तर कुंपणापलीकडे लवकरच विरतो. पांडवलेण्याच्या पायथ्याचे वनोद्यान कितीही दाट असो, पंचवटीत पेठ रोडला पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला झाड हवे ते त्याच्या गल्लीच्या तोंडाशी.

आणि झाड कोणते? याच रस्त्याने पुढे पेठ तालुक्यात जा आणि ऐन मे महिन्यात सागाखाली उभे राहून पाहा. डोक्यावर नुसत्या काड्या! पाणी वाचवण्यासाठी साग पाने टाकतो, ते त्याचे शहाणपण. पण वस्तीतल्या बागेत ते आपल्या कामाचे नाही. तिथे वैशाखात अंगावर पाने असलेले झाड पाहिजे. आंबा, जांभूळ बारमाही हिरवे. वड, पिंपळ, करंज, कडुनिंब पाने गाळतात, पण ऊन तापेपर्यंत पुन्हा पालवतात. ज्या शहरातल्या पंचवटीचे नावच पाच वडांवरून पडले, तिथे हे सांगावे लागू नये. पण सुशोभीकरण म्हटले की आपल्याकडे पेव्हर ब्लॉक, कारंजे, पामची रांग आणि हिरवळ! पामची सावली एका माणसाला पुरत नाही आणि हिरवळीला सावलीच नसते.

हिरवळीला पाणी मात्र सतत लागते. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. बाया डोक्यावर हंडे घेऊन चालत असताना शेजारी लॉनवर फवारे उडावेत, हे डोळ्यांना खुपते. वडाला पहिले दोन-तीन उन्हाळे जपले, की पुढे तो बराचसा स्वतःचे पाहतो. शहरात सांडपाणी शुद्ध करून बागांना देता येते. मुळाशी सिमेंट ओतलेले असेल, तर मात्र कोणतेही पाणी झिरपणार नाही.

रोपाला मोठ्या झाडाची जागा घ्यायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी एवढा विरोध केला, त्यामागे हाही हिशेब होता. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असे सांगणे सोपे आहे. पण येत्या उन्हाळ्यात त्या दहा रोपांखाली बसणार कोण?

आता एक बिनखर्चाची गोष्ट. अनेक शहरांत सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी ओसरली, की उद्यानाला कुलूप लागते आणि ते संध्याकाळी निघते. म्हणजे हातगाडीवाला, रिक्षावाला, बांधकामावरची बाई यांना ज्या वेळी सावली हवी, नेमके त्याच वेळी फाटक बंद! नागपूर महापालिकेने उष्म्याच्या आराखड्यात दुपारी उद्याने उघडी ठेवण्याचा उपाय घेतला. इतरांनाही तो जमण्यासारखा आहे: दुपारच्या पाळीला एक रखवालदार, फाटकाशी पाण्याचा रांजण आणि झाडाखाली चार बाक.