मतदानानंतरचे काम



महाड-पोलादपूरच्या मतदाराने लोकसभेसाठी २०१९ मध्ये तटकरे आणि गीते यांची लढत पाहिली, २०२४ मध्येही तीच पाहिली. दोघांच्या आघाड्यांची मात्र अदलाबदल झाली होती. त्याचे मन विटले, तर दोष त्याचा नव्हे. परंतु ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतोच. म्हणून त्यातल्या त्यात कमी अनिष्ट असेल त्याला मत द्यावे. निष्ठा देऊ नये.

चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला. तो कागदावरच राहिला. ओंजळीत पाणी आले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाने. मत हाही ठरावच आहे. त्याची अंमलबजावणी करवून घेणे, हे मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसापासूनचे आपले काम होय.