घर थंड कसे राहील?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घर बांधणे हा पुरुषांचा विषय, त्यावर बाईमाणसाने काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंजिनियरसाहेबांपुढे उभे राहून बोलण्याइतके ते नाही. पण मला विचारावेसे वाटते की, दिवसाच्या चोवीस तासांतले किती तास घरचे पुरुष घरात असतात, आणि किती तास आपण असतो? मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता चुलीपुढे किंवा गॅसपुढे कोण उभे असते? मग त्या घराच्या भिंती कशा असाव्यात, छप्पर कशाचे असावे, खिडकी कोणत्या बाजूला असावी, हे आपण का बोलू नये?

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा हा मुलूख. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि हिवाळ्यात विदर्भातली सगळ्यांत कडक थंडी कित्येकदा आपल्याच गोंदियाची म्हणून वर्तमानपत्रात छापून येते. म्हणजे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असे घर आपल्याला पाहिजे. आपल्या आजेसासऱ्यांनी नेमके तसेच घर बांधले होते. दीड हात जाडीची मातीची भिंत, वर सागाचे फाटे, त्यावर बांबूच्या कमच्या आणि कवेलू, पुढे ओसरी, मागे सांदवाडी. मातीच्या जाड भिंतीतून दुपारचे ऊन आत झिरपेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते. कवेलूंच्या फटीफटींतून आतली गरम हवा वर निघून जाते. भिंतीच्या गाऱ्यात धानाचे तूस किंवा बारीक केलेली तणस कालवीत, त्यामुळे भिंत वाळताना भेगा पडत नसत. हे शास्त्र कोणी पुस्तकात वाचलेले नव्हते.

आता याच्या उलट स्लॅबचे घर पाहा. आमच्या धाकट्या दिरांनी आमच्याच वाड्यात घर बांधले. छान गुलाबी रंग, आत फरशी, वर चार-पाच इंची स्लॅब. आम्हा सर्वांना फार कौतुक. पहिल्याच उन्हाळ्यात जाऊबाई रात्री अकरा वाजता लेकरू काखेत घेऊन आमच्या ओसरीत झोपायला आल्या. म्हणाल्या, "वहिनी, भिंतीला हात लावून पाहा, तव्यासारखी लागते." स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. वर पंखा लावला तर तो तीच गरम हवा ढवळतो. मग कूलर आला, कूलरबरोबर विजेचे बिल आले. टिनाच्या पत्र्याचे तर बोलायलाच नको. त्यांच्याखाली दुपारी कोंबडीसुद्धा बसत नाही.

हे सर्व ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई आता मातीच्या घरात परत चला म्हणणार. तसे मी म्हणणार नाही. मातीचे घर थंड असते हे खरे, पण ते तसे ठेवायला काय लागते, हे या सभेत बसलेल्या प्रत्येकीच्या कमरेला माहीत आहे. दर सणाला सारवण, दर दिवाळीला भिंतींचा पोतेरा, पांढऱ्या मातीसाठी टोपली घेऊन कोसभर चालणे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही. माकडांची टोळी एका सकाळी उड्या मारून गेली की शंभर कवेलू फुटले. वाळवी, विंचू आणि पावसाळ्यात ओल हे आणखी. लोकांनी कवेलू काढून टिना टाकल्या, त्यामागे निम्मे कारण माकडेच आहेत, असे माझे मत आहे. मातीच्या घराचे गोडवे शहरातले लोक गातात, कारण त्यांना ते सारवावे लागत नाही. म्हणून जुन्यातले काय ठेवायचे आणि नव्यातले काय घ्यायचे, हे आपणच निवडले पाहिजे.

पावसात आमच्या घराची मागची भिंत बसली आणि घरकुल मंजूर झाले, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे आला. प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण शाखा २०१६ साली सुरू झाली. त्या वेळी मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व अवघड भागात १ लाख ३० हजार रुपये मदत ठरली, आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह निदान २५ चौरस मीटरचे असावे असे ठरले. एवढ्याशा पैशात आपली भर घालून घर उभे राहते. पण सगळ्यांच्या मनात एकच चित्र असते: चार भिंती आणि वर स्लॅब. फार थोड्या लोकांना माहीत आहे की त्याच योजनेसाठी केंद्राच्या ग्रामविकास खात्याने 'पहल' नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह करवून घेतला आहे. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या हवापाण्याप्रमाणे आणि तिथे मिळणाऱ्या सामानाप्रमाणे घरांचे नकाशे आहेत. मी आमच्याकडच्या एका साहेबांना त्याबद्दल विचारले, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही नकाशे पाहून काय करणार?" मी म्हटले, "साहेब, त्या घरात राहणार." त्यानंतर मात्र त्यांनी नीट माहिती दिली. तेव्हा ग्रामसभेत जाल तेव्हा हे नाव लक्षात ठेवून विचारा.

याच सुमारास आपल्या मंडळाची सहल सेवाग्रामला गेली होती. पुष्कळ जणींनी बापूकुटी पाहिली. गांधीजी १९३६ साली त्या गावी राहायला गेले. तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. आदर्श खेड्यातले घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे, त्यात उजेड आणि वारा भरपूर असावा, असे त्यांचे म्हणणे होते. कुटीच्या भिंती मातीच्या, वर कवेलू, वळचण चांगली खाली उतरलेली, त्यामुळे भिंतीला ऊनही लागत नाही आणि पाऊसही लागत नाही. मीराबहेनने भिंतीवर मातीचीच ताडासारखी झाडे उठवली आहेत. आमच्यापैकी एक जण हळूच म्हणाली, "एवढा मोठा माणूस आणि आपल्यासारखेच घर!" मी मात्र तिथे वळचण किती हात पुढे आहे ते पाहत होते. आपल्या नव्या घरांना वळचणच नसते. खिडकीवर वीतभर छज्जा काढला की झाले, असे समजतात.

गांधीजींची ही पाच मैलांची गोष्ट एका इंग्रज माणसाने फार मनावर घेतली. त्यांचे नाव लॉरी बेकर. जन्म १९१७, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. हिंदुस्थानात आले ते कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी, आणि पुढे इथलेच झाले. मल्याळी डॉक्टरीणबाईंशी लग्न केले, केरळात राहिले आणि गोरगरिबांसाठी कमी खर्चाची, थंड घरे बांधली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते वारले. त्यांची विटांची एक बांधणी प्रसिद्ध आहे, तिला उंदराच्या पिंजऱ्याची बांधणी म्हणतात. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची. मग नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. पोकळीतली हवा उन्हाला अडवते, आणि विटा जवळजवळ चौथा हिस्सा कमी लागतात. सिमेंटही वाचते. विजेच्या नळ्याही त्या पोकळीतून नेता येतात.

आमच्या गवंड्याला मी हे सांगितले तर तो हसायलाच लागला. "काकू, मधे पोकळ ठेवले तर भिंत उभी राहील का?" माझ्या मुलाने त्याला मोबाईलवर चित्रे दाखवली. पायाचा थर, कोपरे, खिडकीच्या खालचा-वरचा थर भरीव ठेवायचा, बाकी पोकळ. आधी त्याने न्हाणीघराची भिंत तशी बांधून पाहिली, मग मोठ्या खोलीला हात घातला. एक अडचण आली ती सांगते. आपल्याकडच्या भट्टीच्या विटा वाकड्यातिकड्या असतात, त्या कडेवर नीट बसत नाहीत. म्हणून राखेच्या विटा घेतल्या. तिरोड्याच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्याची राख निघते. अशा राखेपासून दाबून केलेल्या विटा एका मापाच्या असतात आणि त्या भाजाव्या लागत नाहीत. त्या वजनाला जड आहेत, उचलणाऱ्या बायांच्या खांद्याला ते कळते. पण भिंत सरळ आली.

दोन खोल्यांवर स्लॅबच घातला. माकडांपुढे इलाज नव्हता. पण स्लॅबवर पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा होळीनंतर पांढऱ्या चुन्याचे दोन हात देतो. अहमदाबादेत २०१० साली उष्णतेने फार माणसे गेली. मग तिथल्या महापालिकेने २०१३ साली उन्हाळ्यासाठी योजना आखली आणि २०१७ पासून गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. त्याने घरातली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते, असे सांगतात. मला अंश मोजता येत नाहीत, पण सासूबाई, ज्यांनी "मी स्लॅबखाली झोपणार नाही" असा हट्ट धरला होता, त्या आता दुपारी तिथेच पडतात. रात्री मात्र ओसरीतच.

ओसरी जुन्याच घराची आहे, म्हणजे तिचे सामान जुने आहे. सागाचे चार खांब आणि नक्षीची चौकट विकत घ्यायला एक व्यापारी आला होता. भाव चांगला देत होता, घरातली माणसे तयारही झाली होती. मी सांगितले की हे खांब कापून बाजारात गेले की असे परत मिळायचे नाहीत. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या सुतारबाबांनी ते रंधून, तळाचा कुजलेला भाग काढून, खाली दगडी उथळे देऊन बसवून दिले. चौकटीवरची वेल त्यांच्या वडिलांनी कोरलेली निघाली! दिवसभर ते तिच्यावरून हात फिरवीत होते, मजुरीचे बोलायलाच तयार नव्हते. ओसरीचे छप्पर कवेलूचे ठेवले. पुढच्या बाजूला बुरडाकडून विणून घेतलेला बांबूचा तट्टा लावला. उन्हात तो खाली सोडायचा, संध्याकाळी गुंडाळायचा. त्यावर पाणी शिंपडले की झुळूक गार लागते.

स्वयंपाकघराचे दोन शब्द बोलले पाहिजेत. ते मी मागे, वेगळ्या उंच छपराखाली, कवेलूचे ठेवायला लावले आणि आढ्याजवळ धूर जायला वीतभर जागा सोडली. गॅस असला तरी धान उकडायला आणि पाणी तापवायला चूल पेटतेच. धूर आणि गरम हवा वर निघून गेली की पोळ्या करताना जीव घाबरा होत नाही. जमीन मात्र फरशीची केली. त्या बाबतीत मी जुन्याला हात जोडले.

घराची दिशाही पाहिली. पश्चिमेचे ऊन सर्वांत वाईट, ते तिरपे येऊन सरळ भिंतीवर बसते, छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून त्या बाजूला न्हाणी आणि लाकूडफाट्याची कोठडी घेतली, पुढे मांडव घालून दोडक्याचा आणि पोपटाचा वेल चढवला. खिडक्या समोरासमोर ठेवल्या, म्हणजे वारा आरपार जातो. एकाच बाजूला दोन खिडक्या काढून उपयोग नाही. पंखे नव्या जातीचे घेतले. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट वीज खातो, नवा तीसच्या आसपास. किंमत जास्त आहे, पण आपल्याकडे पंखा वर्षातले आठ महिने फिरतो. छपरावर सूर्याची वीज घेण्यासाठी केंद्राची योजना २०२४ साली निघाली आहे. आमच्याकडे तेवढी पुंजी नव्हती, ज्यांची असेल त्यांनी चौकशी करावी. पण माझे म्हणणे असे की, आधी घर थंड करा आणि मग वीज आणा. नाहीतर सूर्याने तापवलेले घर थंड करायला सूर्याचीच वीज लागायची!

शेवटी एक कामाची गोष्ट. कवेलू करणारी कुंभारांची घरे आता आपल्या बाजूला बोटांवर मोजण्याइतकी राहिली. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती चपटी कौले सगळीकडे पसरली, आपण त्यांना इंग्रजी कवेलू म्हणतो. ती चांगली आहेत, माकडांनाही थोडी जास्त टिकतात, पण दुरून आणावी लागतात. देशी कवेलू करणाऱ्या कुंभारभाऊंना मी विचारले की तुमचा मुलगा हे काम का करीत नाही? ते म्हणाले, "ताई, कोणी आधी सांगत नाही. सगळे मे महिन्यात येतात आणि लगेच पाहिजे म्हणतात. माझी माती दिवाळीनंतर मळायला लागते, भट्टी उन्हाळा लागताच लावावी लागते." तेव्हा येत्या वर्षी ज्यांना ओसरी, कोठा किंवा स्वयंपाकघर शाकारायचे असेल त्यांनी आपली नावे आणि किती हजार पाहिजेत तो आकडा माझ्याकडे द्यावा. आपल्या मंडळाने मिळून एकदम सांगितले आणि थोडी रक्कम आगाऊ दिली तर ते भट्टी लावायला तयार आहेत. आजच सात घरांची नावे आली आहेत. पंधरा झाली तर त्यांचे काम भागते.

हळदीकुंकवाची तयारी झालेली दिसते, म्हणून मी आता जास्त वेळ घेत नाही. नावे देणाऱ्यांनी पानसुपारी घेतल्यावर मागच्या खोलीत यावे, मी वही घेऊन तिथेच बसते.