जुनी दुखापत आणि नवा दावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात हा रुक्ष विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण मुलुंड-भांडुपपासून घाटकोपरपर्यंत आणि तिकडे अंधेरीच्या मरोळपर्यंत आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचा पगार यंत्रावरून किंवा हमालीतून येतो. मोठे कारखाने पुष्कळसे बंद पडले, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या; तरी गाळ्यांतली वर्कशॉपे, गोदामे आणि बांधकामे आहेतच. बोट जायला लहान प्रेसही पुरते.

अपघात झाला की घरात सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतला एक सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याबद्दलच बोलावयाचे ठरविले. "पूर्वी काही लागले होते, दुखले होते, ते कुठे बोलू नका. नाहीतर पैसा मिळायचा नाही." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हा सल्ला घातकी आहे.

आमच्या आळीतल्या एका बाईंचे यजमान गोदामात माल चढविण्याचे काम करीत. पोते घेऊन फळीवरून घसरले आणि कमरेतून गेले. सात-आठ वर्षांपूर्वी सायकलवरून पडून त्यांच्या पाठीला मार बसला होता, महिनाभर उपचारही झाले होते. पुढे ते बरे झाले आणि रोज पोती उचलीत होते. दाव्यात मात्र त्यांनी शपथेवर सांगितले की पाठ कधी दुखलीच नाही. मालकाच्या वकिलाने जुना केसपेपर काढून समोर ठेवला. त्यानंतर त्या गृहस्थांचे खरे बोलणेही कोणाला खरे वाटेना. फळीवरून घसरले हेसुद्धा! शेवटी हाती आले ते वकिलाची फी भागविण्यापुरते. जे सांगितल्याने दावा बुडाला नसता, ते लपविल्याने बुडाला.

बुडाला नसता, असे मी कशाच्या आधारावर म्हणते? कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा. तो 1924 च्या जुलैपासून अमलात आला. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. गाभा तोच आहे. काम करताना आणि कामामुळे अपघात घडला का, आणि त्यामुळे कमाईची शक्ती किती घटली, हे कायदा पाहतो. घटली म्हणजे कशाच्या तुलनेत? अपघाताच्या वेळी तो माणूस जी कामे करू शकत होता त्यांच्या तुलनेत. शरीर जन्मापासून निर्दोष असले पाहिजे, अशी अट कोठेही नाही. म्हणून जुन्या दुखापतीनंतर माणूस जितकी वर्षे पुरे काम करीत होता, तितक्या वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि हजेरी हाच त्याचा सर्वांत बळकट पुरावा. या बाईंच्या घरी तशा चिठ्ठ्या डब्यात भरून होत्या. पण पाठ दुखलीच नाही म्हटल्यावर त्या दाखवायच्या कशासाठी?

आपल्या मुंबईचाच एक निकाल आहे, 1954 साली प्रसिद्ध झालेला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नोकरीतला एक कामगार वारला. त्याला हृदयविकार होता. त्याच्या विधवेने भरपाई मागितली आणि प्रकरण उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढे गेले. त्यांनी सांगितलेले तत्त्व आजही वकील मंडळी दाखवितात. माणूस केवळ आपल्या रोगाने, रोगाच्या ओघात गेला, तर मालक जबाबदार नाही. पण कामाच्या ताणाने त्या मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर मालक जबाबदार आहे. म्हणजे रोग होता हे उघड असूनही दाव्याचा रस्ता खुला राहतो.

डोळ्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. दुसरा डोळा चांगला असता एक डोळा गेला, तर परिशिष्टात कमाईची घट 40 टक्के धरली आहे. पण दृष्टी लागणारे कोणतेही काम करता येऊ नये इतकी नजर गेली, तर ती 100 टक्के. आता ज्याचा एक डोळा आधीच अधू होता आणि कामावर दुसरा गेला, त्याने पहिल्याबद्दल मौन धरले तर नुकसान कोणाचे?

माणसे लपवितात त्याचे मूळ पुष्कळदा नोकरी लागतानाच असते. पाठ दुखते म्हटले तर कामावर कोण घेणार? ही भीती खोटी नाही, आणि त्यासाठी मी कोणा कामगाराला दोष देणार नाही. पण तेव्हाचे मौन पुढे शपथेवरच्या खोट्यात उतरू देऊ नये.

आणि खोटे एकाच बाजूला असते असेही नाही. मुकादम जखमी माणसाला रिक्षात घालून इस्पितळात नेतो आणि वाटेतच पढवितो, "घरी पडलो म्हणून सांग, साहेब सगळा खर्च करतील." केसपेपरवर पहिली ओळ तीच पडते. साहेब पहिल्या दोन पट्ट्यांचा खर्च करतात. पुढे ती एक ओळ पुसायला वर्षे लागतात.

येथे, भगिनींनो, आपले काम येते. कारण इस्पितळात पहिली धावत जाते ती घरची बाई. कोठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर लागले, ते डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावे. जुने दुखणेही त्याच वेळी सांगावे. मालकाने फुकट डॉक्टरी तपासणी देऊ केली तर नाकारू नये; नाकारल्यास हक्क तेवढ्यापुरता स्थगित होतो. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याला मान्य नाही. तरी कोऱ्या कागदावर मागाहून काय लिहिले जाईल, ते सांगता येत नाही.

राज्य विमा योजनेचे कार्ड असेल, तर भरपाई मालकाकडून नव्हे, योजनेकडून मिळते आणि अपंगत्व किती ते वैद्यकीय मंडळ ठरविते. त्या मंडळापुढेही हेच. डॉक्टर जुने एक्स-रे मागतात ते अडविण्यासाठीच, अशी समजूत आहे. जुन्या आणि नव्या फिल्म शेजारी ठेवल्या की नवे काय मोडले तेच उठून दिसते.

दावा दाखल करण्यास अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद ट्रंकेत पडून असेल, तर त्यावरची तारीख आज घरी गेल्यावर पाहावी आणि जुन्या केसपेपरासकट तो घेऊन मंडळात यावे. अर्ज लिहायला आम्ही दोघी-तिघी बसतोच.