दोन स्विचांमधील जोडमार्ग : बिघाडाचा शोध व उपाय



हैदराबाद शहरातील जामबाग हा भाग मूसी नदीच्या उत्तरेस, कोठी व अफझलगंज यांच्या शेजारी वसलेला आहे. मराठी माणसास हे नाव परिचित आहे ते तेथील विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, केशवराव कोरटकर यांच्यासारख्या धुरीणांच्या प्रयत्नांतून ही संस्था उभी राहिली. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा व पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. त्यामुळे जामबागेतील मराठी शिक्षणाच्या या केंद्राचे मोल मराठवाड्यास विशेष होते.

याच परिसराने २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीचा महापूर पाहिला. अफझल, मुसल्लम जंग व चादरघाट हे तीन पूल त्या पुरात वाहून गेले. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला आणि शहराचे दोन भाग केवळ त्या एका पुलाच्या आधाराने एकमेकांशी जोडलेले राहिले. दोन तीरांमध्ये एकाहून अधिक पूल असावेत, म्हणजे काही पडले तरी व्यवहार सर्वस्वी थांबत नाही, हा या घटनेचा साधा बोध आहे. आजच्या विषयाचे मूळ तत्त्वही हेच होय. मात्र त्यास एक पुरवणी जोडावी लागते. कोणता पूल शाबूत आहे व कोणता पडला आहे, याचे ज्ञान दोन्ही तीरांवरील लोकांस असले पाहिजे. ते नसेल तर अधिक पूल असूनही गाड्या नदीतच जातील.

दोन तारा, एक वाट

शाळा, तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालय किंवा ग्रामपंचायत यांतील संगणक ज्या पेटीत येऊन एकमेकांस जोडले जातात तिला स्विच म्हणतात. इमारत दुमजली असेल तर बहुधा प्रत्येक मजल्यावर एक स्विच असतो आणि दोहोंना जोडणारी तार जिन्यातून जाते. ती एक तार तुटली की वरचा संपूर्ण मजला अंधारात जातो. म्हणून दोन तारा टाकाव्यात, असा विचार कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

परंतु साध्या रीतीने दोन तारा टाकल्यास उपायापेक्षा अपाय अधिक होतो. ज्या पद्धतीने हे स्विच बोलतात तिला ईथरनेट म्हणतात. तिच्या संदेशावर त्याने किती काळ फिरावे याची मर्यादा लिहिलेली नसते. एखादा संगणक सर्वांस उद्देशून पुकारा करतो तेव्हा तो पुकारा एका तारेने खाली जातो, दुसरीने वर येतो, पुन्हा खाली जातो. प्रत्येक फेरीत त्याच्या नकला पसरतात आणि काही क्षणांत सारे जाळे गुदमरते. हे टाळण्याची युक्ती रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली शोधून काढली. स्पॅनिंग ट्री या नावाने ती ओळखली जाते. तीत जादा तार बंद ठेवली जाते व पहिली निकामी झाली तरच ती उघडली जाते. जाळे सुरक्षित होते खरे, परंतु दुसऱ्या तारेचा खर्च करूनही ती एरवी स्वस्थच पडून राहते.

दोन्ही तारा एकाच वेळी उपयोगात आणून स्विचांना ती एकच वाट आहे असे मानावयास लावणे, यास लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत कल्पना नावाच्या अमेरिकेतील कंपनीने ही रीत प्रचारात आणली. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. १९९४ साली ती सिस्को कंपनीत विलीन झाली. पुढे २००० साली या रीतीस सर्वमान्य प्रमाण लाभले, त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे स्विचही या पद्धतीने एकमेकांस जोडता येऊ लागले.

वाटणी कशी होते

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रत्येकी एक गिगाबिट वेगाच्या दोन तारा बांधल्या म्हणजे एका संगणकाची एक मोठी फाइल दुप्पट वेगाने जाईल, असे नाही. एका संभाषणातील संदेशांचा क्रम बिघडू नये म्हणून ते संभाषण एकाच तारेवरून चालविले जाते. पाठविणारा व घेणारा यांच्या क्रमांकांवर स्विच एक छोटे गणित करतो आणि उत्तरानुसार पहिली किंवा दुसरी तार निवडतो. अनेक संगणक अनेक ठिकाणी बोलत असता बोजा दोन्ही तारांवर वाटला जातो. परंतु तो समसमान वाटला जाईलच असे नाही. एक तार भरलेली व दुसरी रिकामी दिसल्यास त्यास लगेच बिघाड समजू नये. गणितासाठी केवळ यंत्राचे क्रमांक न घेता आयपी पत्ते व पोर्टही घेण्याची सोय स्विचमध्ये असल्यास तीमुळे वाटणी सुधारते.

हे गणित ध्यानी ठेवले की या जोडणीतील सर्वांत फसव्या बिघाडाचा उलगडा होतो.

निम्मे चालते, निम्मे चालत नाही

जामबागेतील एखादे दुमजली विद्यालय उदाहरणादाखल कल्पनेत आणावे. खाली कार्यालय व मुख्य यंत्र, वर संगणक कक्ष. दोन स्विचांमध्ये दोन तारा असून खालच्या स्विचवर २३ व २४ क्रमांकांची छिद्रे या बांधणीस दिलेली आहेत. परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. कक्षातील काही संगणक सुरळीत चालतात. काहींवर पान उघडतच नाही. जो चालतो तो नेहमीच चालतो, जो अडतो तो नेहमीच अडतो. दोन्ही तारांचे दिवे मात्र हिरवे आहेत.

अशा वेळी संशय प्रथम त्या संगणकांवर जातो. ते नव्याने मांडले जातात, त्यांची तार बदलली जाते, कक्ष सांभाळणाऱ्या सेवकास बोल लावला जातो. दरम्यान गावाकडून आलेला विद्यार्थी दारात ताटकळतो आणि खिडकी बंद होण्याची वेळ जवळ येते. वास्तविक दोष संगणकात नाही, सेवकातही नाही. सुटीत भिंतींना रंग देताना तारा काढल्या गेल्या आणि परत लावताना २४ व्या छिद्रातील तार २२ व्या छिद्रात गेली. ते छिद्र लेखा विभागाच्या स्वतंत्र जाळ्याचे, म्हणजे वेगळ्या व्हीलॅनचे आहे. वरच्या स्विचला दोन्ही तारा जिवंत दिसतात. तो गणिताप्रमाणे काही संभाषणे दुसऱ्या तारेवर सोडतो आणि ती परक्या जाळ्यात जाऊन हरवतात. पुलाचे अलीकडचे तोंड शाबूत दिसावे व पलीकडची कमान ढासळलेली असावी, तसाच हा प्रकार होय.

तपासणीचा क्रम

अशा प्रसंगी धांदल न करता पुढील क्रम पाळल्यास बहुधा अर्ध्या तासात मूळ हाती लागते.

प्रथम, काय चालते व काय चालत नाही, हे कागदावर लिहावे. सर्वच बंद असेल तर दोष वेगळा. ठरावीक संगणकच ठरावीक ठिकाणी अडत असतील तर जोडमार्गाचा संशय घ्यावा.

दुसरे, प्रमुखांची अनुमती घेऊन व वापरणाऱ्यांस सूचना देऊन दुसरी तार काढावी. सर्व संगणक चालू लागले तर पहिली तार निर्दोष ठरते व तात्पुरते कामही मार्गी लागते. अर्जांच्या दिवशी हे एवढेच पुरेसे आहे. उरलेली तपासणी कामकाज संपल्यावर करावी. नंतर दुसरी लावून पहिली काढावी. सर्व बंद पडले तर दोष दुसऱ्या मार्गावर आहे हे सिद्ध होते. मात्र ही परीक्षा स्विचपाशी उभे राहून करावी. ज्या तारेतून स्विचला आज्ञा द्यावयाची तीच तार काढणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे होय.

तिसरे, दोषी मार्गावरील तार बदलून पाहावी. तांब्याची तार शंभर मीटरपेक्षा लांब नसावी. स्विचमध्ये सदोष संदेशांची मोजणी होत असते. तो आकडा वाढत असल्यास तार, तिचे टोक किंवा छिद्र यांत बिघाड आहे असे समजावे.

चौथे, तार बदलूनही दोष राहिल्यास दोन्ही टोकांची मांडणी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावी. तार नेमक्या कोणत्या छिद्रात आहे, दोन्ही तारांचा वेग समान आहे काय, दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक चालते काय, दोन्हींवर तीच व्हीलॅन आहेत काय आणि बांधणीचा प्रकार दोन्ही बाजूंस एकच आहे काय, हे पाच प्रश्न विचारावेत. उपरिनिर्दिष्ट उदाहरणात पहिल्याच प्रश्नाशी उत्तर सापडते.

परस्परसंमतीचे महत्त्व

बांधणीचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात माणूस दोन्ही स्विचांना सांगतो की या तारा एकत्र आहेत, आणि स्विच ते निमूटपणे मानतात. यास स्थिर बांधणी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात स्विच एलएसीपी नावाच्या संकेताने एकमेकांची विचारपूस करीत राहतात. आपली ओळख, आपला गट व आपली तयारी ते प्रत्येक तारेवरून कळवितात. ही विचारपूस दर ३० सेकंदांनी किंवा शीघ्र मांडणीत दर सेकंदास होते. ओळीने तीन निरोप न आल्यास, म्हणजे अनुक्रमे ९० किंवा ३ सेकंदांनंतर, ती तार बांधणीतून वगळली जाते.

वरील उदाहरणात ही पद्धत असती तर २२ व्या छिद्रातून निरोपच आले नसते. वरच्या स्विचने ती तार बांधणीबाहेर ठेवली असती व अर्जांचे काम एका तारेवर चालू राहिले असते. फायबर तारेसाठी मध्ये रूपांतरक पेट्या बसविल्या असतील तर या पद्धतीचे महत्त्व आणखी वाढते. फायबर तुटूनही स्विचजवळचा दिवा कित्येकदा हिरवाच राहतो; निरोप मात्र थांबतात.

या पद्धतीतही दोन चुका वारंवार आढळतात. एलएसीपीत सक्रिय व निष्क्रिय असे दोन पवित्रे आहेत. निष्क्रिय स्विच विचारल्यावरच बोलतो. दोन्ही बाजू निष्क्रिय असल्यास कोणीच आरंभ करीत नाही आणि बांधणी होतच नाही. निदान एक बाजू, शक्यतो दोन्ही, सक्रिय ठेवाव्यात. दुसरी चूक म्हणजे एका बाजूस स्थिर बांधणी व दुसऱ्या बाजूस एलएसीपी. हे दोन प्रकार एकत्र नांदत नाहीत. तसेच नवी जोडणी करताना आधी दोन्ही स्विचांवर मांडणी पूर्ण करावी व मगच दुसरी तार लावावी, म्हणजे मधल्या वेळात वर वर्णिलेले चक्र निर्माण होण्याची भीती राहत नाही.

नोंदवहीचे मोल

या सर्व उपायांहून स्वस्त असा उपाय म्हणजे नोंदवही होय. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक असलेली चिठ्ठी लावावी. कोणती तार कोणत्या छिद्रात आहे याचा तक्ता स्विचच्या पेटीच्या आत चिकटवावा व बदल करणाऱ्याने त्यावर दिनांकासह नोंद करावी. महिन्यातून एकदा, काम नसताना, एकेक तार काढून दुसरीवर व्यवहार चालतो की नाही हे पाहावे. पडलेला पूल पुराच्या दिवशी शोधण्यापेक्षा उन्हाळ्यात शोधणे केव्हाही श्रेयस्कर.

ग्रामस्थांसही हा विषय परका नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. भारतनेट या नावाने ती आज ओळखली जाते. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज या सर्वांसाठी नागरिकास आता अशाच तारांवर विसंबावे लागते. खिडकीवरील कर्मचारी जेव्हा जाळे बंद असल्याचे सांगतो, तेव्हा एका गृहस्थाची रोजंदारी बुडते व त्यास पुन्हा हेलपाटा घालावा लागतो. म्हणून हे काम केवळ तंत्रज्ञाचे नसून सार्वजनिक सेवेचे आहे. शाळेतील विज्ञान शिक्षकाने व कार्यालयातील लिपिकाने वर सांगितलेला क्रम एकदा स्वतः करून पाहिला, तर बाहेरून माणूस येईपर्यंत काम थांबविण्याची पाळी फारशी येणार नाही.

दोन्ही तीरांनी एकमेकांस सतत विचारीत राहावे, उत्तर न आल्यास त्या वाटेने कोणास पाठवू नये आणि जे केले त्याची नोंद ठेवावी. जोडमार्गाचे सारे शास्त्र या तीन गोष्टींत सामावलेले आहे.