इंग्रजीतलं ‘असतं तर’

समजा, राजगडाखालच्या पाली गावातल्या एका मुलीला, पाली दरवाज्यानं गड चढून आलेल्या परदेशी पाहुण्याला इंग्रजीत सांगायचंय : ‘आज धुकं आहे. काल तुम्ही इथं असतात, तर गडाची संजीवनी माची पार टोकापर्यंत दिसली असती.’ २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी या वाक्यापाशी जीभ अडखळते.

खरं तर युक्ती तिला ठाऊक आहे. ‘मला पंख असते तर’ हा निबंध तिनं लिहिलेलाच असतो. तिथं ती ‘पंख आहेत तर’ म्हणत नाही. जे नाही, त्याच्यासाठी मराठी क्रियापदाचं रूप बदलते. आपले व्याकरणकार त्याला संकेतार्थ म्हणतात. इंग्रजी त्याच कामाला भूतकाळ जुंपते : ‘आय विश आय हॅड विंग्ज.’ पंख आज हवेत, तरी ‘हॅव’चं ‘हॅड’ झालं.

घोटाळा पुढे आहे. मराठीत ‘आज तुम्ही असतात तर’ आणि ‘काल तुम्ही असतात तर’ यांत क्रियापद एकच. ‘आज’ आणि ‘काल’वर भागतं. इंग्रजीचं भागत नाही. आजसाठी ‘इफ यू वेअर हिअर’, कालसाठी ‘इफ यू हॅड बीन हिअर’. गेलेल्या गोष्टीची हळहळ असेल, तर आणखी एक पायरी मागं जायचं. अभ्यास केला नाही, आता निकाल लागला : ‘आय विश आय हॅड स्टडीड.’ ‘करायला हवा होता’ असं स्वतःलाच बोल लावायचा असेल, तर ‘आय शुड हॅव स्टडीड.’

निकाल लागायचाच असेल, तर मात्र ‘विश’ नको. ‘आय विश आय विल पास’ हे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. शक्यता जिवंत आहे ना? मग ‘आय होप आय पास’. राजगडाजवळच्या वेल्ह्याचा पाऊस थांबायचं नावच घेत नाही, अशा वैतागाला ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’ शोभतं. थांबेल अशी आशा असेल, तर तिथंही ‘होप’च.

‘आय विश आय वेअर’ म्हणायचं की ‘आय विश आय वॉज’? बोलताना दोन्ही चालतं. परीक्षेत ‘वेअर’ लिहा, उगाच मास्तरांशी वाद नको. आणि दिवाळीच्या शुभेच्छांना यातलं काहीच लागू नाही. ‘आय विश यू अ हॅपी दिवाळी’ म्हणा आणि फराळाला बसा.