थोर कोण, आणि मोजणारे कोण?

(संघटनेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'खेळ' हा शब्द वाचून काहीजणींना नवल वाटले असेल. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी या विषयांच्या रांगेत खेळाला कशाला जागा द्यायची? त्यातही मी बोलणार ती उत्तर अमेरिकेतल्या खेळांबद्दल, जे आपल्यापैकी बहुतेकींनी कधी पाहिलेलेही नाहीत. पण थोडे ऐकून घ्या. थोरवी कोण ठरवते आणि ती कोणत्या मापाने ठरवली जाते, हा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे.

मी बारा वर्षे टोरांटोच्या एका उपनगरात होते. एका गोदामात हिशेबाचे काम करत असे. जेवणाच्या सुट्टीत पुरुष सहकाऱ्यांचे दोन वाद बारा महिने चालत. एक, हॉकीत आजवरचा सर्वांत थोर खेळाडू कोण. दुसरा, अमेरिकन फुटबॉलमध्ये यंदा कॉलेजातून येणाऱ्या पोरांपैकी चांगला क्वार्टरबॅक कोण निघेल. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, हे आधी सांगून ठेवते. आणि क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती आल्यावर तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा, मैदानावरचा सेनापती. आपल्याकडे 'गावसकर मोठा की तेंडुलकर' हा वाद जसा घरोघरी झडतो, तसेच हे. मी डबा खाता खाता ऐकत असे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की ही माणसे नकळत एक फार महत्त्वाची गोष्ट करत आहेत. ती अशी.

कुणी म्हणे, वेन ग्रेट्स्की सर्वांत थोर. १९८१-८२ च्या एका हंगामात त्याने ९२ गोल केले. लगेच दुसरा म्हणे, अरे, त्या काळी एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. नव्वदीच्या अखेरीस ते पाचाच्या थोडे वर आले. गोलरक्षकांची पॅड मोठी झाली, शिकवण सुधारली. मग ९२ चे वजन आजच्या मापाने किती? तिसरा गॉर्डी हाउची बाजू घेई. त्याच्या उमेदीच्या काळात लीगमध्ये सहाच संघ होते आणि हंगाम ७० सामन्यांचा, म्हणून त्याचे ८०१ गोल अधिक मोलाचे. मॉरिस रिशारने १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले, पण तेव्हा कित्येक खेळाडू युद्धावर गेलेले, म्हणून थोडी वजावट. बॉबी ऑरचे गुडघे निकामी झाले, त्याला वयाच्या तिशीत, १९७८ मध्ये, खेळ सोडावा लागला. आजची शस्त्रक्रिया तेव्हा असती तर, म्हणून थोडी भर. ६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेच्किनने ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा ८९४ चा विक्रम मोडला, तेव्हा तर हे सगळे हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडले गेले.

मैत्रिणींनो, हे काय चालले आहे ते पाहा. हा साधा, चळवळीशी काही देणेघेणे नसलेला प्रेक्षक सांगतो आहे की कर्तृत्व हे केवळ अंगच्या गुणाचे फळ नसते. त्याला काळ लागतो, साधने लागतात, संधी लागते. म्हणून आकडा नुसता वाचायचा नाही, त्यामागची परिस्थिती वाचायची. आपण गेली कित्येक वर्षे शिबिरांतून जे सांगतो, तेच हे.

पण एकदा मी विचारले, "आणि बायकांपैकी कोण?" तेव्हा या सगळ्या उदार वजाबाक्या-बेरजा एकदम थांबल्या. उत्तर आले, "त्यांचे आकडे कुठे आहेत?" ज्या माणसाने युद्धाची सूट दिली, गुडघ्याची सूट दिली, पॅडची सूट दिली, त्याला मुलींना दारातच अडवले गेले याची सूट देणे सुचले नाही. माझा आजचा सगळा मुद्दा या एका जागेवर उभा आहे.

आकडे कुठे आहेत, ते पाहू. कॅनडातल्या हॉकीचा सर्वोच्च करंडक स्टॅन्ली करंडक. तो ज्या गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्लीने १८९२ मध्ये दिला, त्याची मुलगी इसोबेल स्वतः हॉकी खेळत असे. साधारण १८९० च्या सुमाराचे, लांब पांढऱ्या घागऱ्यात हातात काठी घेऊन बर्फावर खेळणाऱ्या तिचे छायाचित्र उपलब्ध आहे. म्हणजे बायका या खेळात मागाहून आल्या असे नाही. करंडकाच्या आधीपासून त्या तिथे होत्या. १९३० च्या दशकात ऑन्टारिओतल्या प्रेस्टन गावच्या 'रिव्ह्युलेट्स' या मुलींच्या संघाने दहा वर्षे जवळजवळ सर्वांना हरवले. दुसऱ्या महायुद्धाबरोबर तो संघ विसर्जित झाला. युद्धाने पुरुषांच्या लीगमधले खेळाडू काही वर्षांसाठी नेले आणि परत दिले. बायकांची लीगच गेली, ती कित्येक दशके परत आली नाही.

१९५५ साली टोरांटोत अ‍ॅबी हॉफमन नावाची आठ वर्षांची मुलगी 'अ‍ॅब' या नावाने मुलांच्या संघात खेळू लागली. चांगली खेळली, निवडक खेळाडूंच्या संघात गेली. तिथे जन्मदाखला पाहिला गेला आणि ती मुलगी असल्याचे उघड झाले. खेळ तोच, पाय तेच, एका कागदाने पात्रता संपली. पुढे ती धावपटू झाली आणि चार ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर धावली. १९८२ मध्ये बायकांची पहिली राष्ट्रीय हॉकी स्पर्धा भरली, तेव्हा करंडकाला तिचे नाव दिले गेले. ती हॉकीत राहिली असती तर तिचे गोल किती झाले असते? हा आकडा कुठल्याच वहीत नाही.

आता दुसऱ्या वादाकडे, क्वार्टरबॅककडे वळू. तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. त्याआधी पारखी लोक पोरांची उंची मोजतात, हाताचा तळवा मोजतात, धावण्याची वेळ घेतात. एवढे मोजूनही काय होते? २००० साली टॉम ब्रेडीची निवड १९९ व्या क्रमांकावर झाली आणि त्याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला. म्हणजे पारख चुकते. पण ती नेहमी सहज, योगायोगानेच चुकते का?

वॉरन मून या काळ्या खेळाडूने जानेवारी १९७८ मध्ये आपल्या विद्यापीठाला 'रोझ बोल' जिंकून दिला. तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या निवडीत बारा फेऱ्या झाल्या, एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. काळा खेळाडू पळतो चांगला, पण सेनापतीची बुद्धी त्याच्याकडे नसते, असा सर्वमान्य समज होता. काळ्या क्वार्टरबॅकना दुसऱ्या जागेवर खेळायला सांगण्याचा प्रघातच होता. मून जागा बदलायला तयार झाला नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे संघाने ओळीने पाच वर्षे अजिंक्यपद मिळवले. १९८४ मध्ये तो अमेरिकेत परतला आणि २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात पोचला. क्वार्टरबॅक म्हणून तिथे पोचणारा पहिला काळा खेळाडू. तरीही २०१८ मध्ये लामार जॅक्सनला जागा बदलण्याचे सल्ले देणारे होतेच. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले, त्याचा क्रमांक ३२ वा लागला. पुढच्याच वर्षी तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही संघांचे सेनापती काळे, असा पहिला सुपर बोल व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडावे लागले.

'पळतो, पण विचार करत नाही' हे वाक्य आपल्याला ओळखीचे नाही का? बाई राबते चांगली, पण निर्णय तिला जमत नाही; सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा. जात, वर्ण, लिंग ही नावे वेगळी, पण पारख्याच्या डोळ्यावरची झापड एकच. हातांनी काम करणारे कोण आणि डोक्याने काम करणारे कोण, ही वाटणी आधी होते. गुण त्यानंतर पाहिले जातात.

आणि या दोन झापडा एकाच व्यक्तीवर पडतात तेव्हा काय होते? अँजेला जेम्स ही टोरांटोच्या गरीब वस्तीत, एकट्या आईने वाढवलेली, मिश्र वर्णाची मुलगी. १९९० मध्ये ऑटावाला बायकांची पहिली अधिकृत विश्वस्पर्धा झाली. लोकांचे लक्ष वेधावे म्हणून कॅनडाच्या संघाला गुलाबी पोशाख दिला होता! त्या पोशाखात अँजेलाने पाच सामन्यांत अकरा गोल केले. १९९८ मध्ये नागानोला बायकांची हॉकी प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा मात्र तिला संघातून वगळले गेले. टोरांटोतले हॉकीचे सन्मान-दालन १९४३ मध्ये स्थापन झाले. पहिल्या दोन स्त्री खेळाडू, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनाटो, तिथे २०१० मध्ये गेल्या. मधली सदुसष्ट वर्षे ते दालन 'सर्वकालीन थोर' ठरवतच होते.

त्यासाठी नियम बदलावा लागला, स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे करायचे ठरले. लगेच 'राखीव जागा' म्हणून नाके मुरडली गेली. पण नियम नीट वाचा. वर्षाला स्त्री खेळाडू जास्तीत जास्त दोन. कमीत कमी किती, ते नाही! म्हणून २०११, २०१२, २०१४ आणि २०१६ मध्ये एकही नाही. आपल्या पंचायतीतले आरक्षण 'किमान इतक्या' म्हणते. ते दालन 'कमाल इतक्या' म्हणते. मापाला आरक्षण म्हणायचे की कुंपण, हे शब्द वाचूनच ठरवावे.

एक अवघड मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही, कारण तो चळवळीच्या आतला आहे. १९८५ मध्ये जस्टिन ब्लेनी ही बारा वर्षांची मुलगी टोरांटोत मुलांच्या संघात गुणांवर निवडली गेली, पण नियमाने तिला खेळू दिले नाही. ऑन्टारिओच्या मानवी हक्क कायद्यातच खेळांना लिंगभेदाची सूट होती. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आणि तिच्या विरोधात कोण उभे होते? पुरुषांची संघटना तर होतीच. बायकांची हॉकी संघटनाही होती. त्यांची भीती अशी की चांगल्या मुली मुलांच्या संघात जातील, मग कष्टाने उभ्या केलेल्या मुलींच्या संघांचे काय?

ही भीती खोटी नव्हती. स्वतंत्र जागा टिकली म्हणूनच पुढे विश्वस्पर्धा झाली. तरीही माझे मत जस्टिनच्या बाजूचे आहे. स्वतंत्र जागा हा आपला आधार असावा, एखाद्या मुलीला अडवण्याचे कारण असू नये. दार उघडे राहिले म्हणजे घर मोडते असे नाही. घर मोडते ते पैसा आणि मैदान न मिळाल्याने. त्याचा पुरावा पाहा: कॅनडातली बायकांची लीग २००७ मध्ये सुरू झाली, खेळाडूंना पहिली दहा वर्षे पगारच नव्हता, आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. मुली पळून गेल्या म्हणून नाही, पैसा नव्हता म्हणून. तेव्हा दोनशेच्या आसपास खेळाडूंनी एकजुटीने सांगितले की पोट भरेल अशी लीग मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. हा संपच होता. त्यातून १ जानेवारी २०२४ रोजी नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि त्याच एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलला एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. 'बायकांचा खेळ बघायला कोण येतो?' या प्रश्नाचे उत्तर आता आकड्यात आहे.

आकडा म्हणजे सत्ता. हेली विकेनहायझरचे नाव आज थोरांच्या वादात घेता येते, कारण तिची नोंद आहे: राष्ट्रीय संघासाठी २७६ सामने, ३७९ गुण, चार ऑलिम्पिक सुवर्णपदके. प्रेस्टनच्या मुलींची अशी धड वही नाही, म्हणून त्यांचे नाव निघाले की लोक 'दंतकथा' म्हणून हसतात. नोंद नसलेले श्रम आणि नोंद नसलेला खेळ, दोन्ही गृहीत धरले जातात.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. आपल्या तालुक्यात मुलींचे कबड्डीचे, खो-खोचे सामने होतात. त्यांचे गुणपत्रक स्पर्धा संपली की रद्दीत जाते. प्रत्येक गटाने एक वही घालावी. कोण खेळली, किती गुण घेतले, कोणत्या वर्षी खेळ सुटला आणि का सुटला, हेही लिहावे. लग्न, पाळी सुरू झाली म्हणून बंदी, मैदान दूर, शेवटची एसटी चुकते. हे शेवटचे रकाने पुरुषांच्या वहीत नसतात. आणि ज्या खेळून आता पन्नाशीला आल्या आहेत, त्यांच्याकडे आधी जा. त्यांच्याजवळ जुनी प्रमाणपत्रे, कात्रणे ट्रंकेत पडून आहेत. ती उतरवून घ्या.

थोर कोण, यावर लोक वाद घालतच राहणार, आणि घालोत. त्या वादात आपल्या मुलींचे नाव निघाले म्हणजे 'आकडे कुठे आहेत?' असे कुणी विचारेल. तेव्हा ती वही समोर ठेवता आली पाहिजे.